मिस्त्री म्हणतो तीन महिने

आज कर्जाबद्दलच बोलायचं आहे, पण जरा आडवाटेनं.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वह्या भरून झाल्या आणि एका ताईंनी ६०,००० रुपयांची मागणी ठेवली. कशासाठी, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, "सासऱ्यांची वडापची जीप परड्यात उभी हाय. पोरगं म्हणतंय जुन्या गाड्या लग्नात भाड्यानं जात्यात. मिस्त्री तीन महिन्यांत नव्यासारखी करून देतो म्हणालाय. चौथ्या महिन्यापासून हप्ता भरते."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण आमच्या दारातली फियाट किती दिवस उघडी पडली होती, ते निम्म्या तालुक्याला माहीत आहे. त्या बैठकीत जे सांगितलं तेच आज इथं सांगते. जुनी गाडी उभी करायला किती दिवस लागतात आणि मिस्त्रीचे तीन महिने म्हणजे नक्की किती, हे कळलं तर असं कर्ज द्यायचं का आणि कसं द्यायचं, हे गटाला ठरवता येतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायची. "गाडी करून देतो" याचे तीन अर्थ होतात. एक, बंद गाडी चालू करून देतो. बॅटरी, प्लग, कार्ब्युरेटर, पेट्रोलची टाकी साफ, ब्रेक, टायर. इंजिन जाम नसेल तर हे काही आठवड्यांत होतं. दुसरा अर्थ, वरून घासून रंग मारून देतो. याला दोन-तीन महिने धरा. आणि तिसरा, सगळी गाडी खोलून, गंजका पत्रा कापून, इंजिन बांधून, वायरिंग, सीट, काचांचे रबर सगळं नवं करून मूळ रूपात आणतो. याला एक वर्ष लागलं तर नशीब चांगलं म्हणायचं. मिस्त्री मनात दुसरा अर्थ धरून बोलतो आणि आपण तिसरा ऐकतो. भांडणाची सुरुवात इथंच होते.

आता आमची गाडी. १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडं सगळे तिला फियाटच म्हणतात, आणि ते चूकही नाही. मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची. वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीत, मुंबईत कुर्ल्याला ती बनायची. पुढं नाव बदलून पद्मिनी झालं. माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, प्राथमिक शिक्षक होते. १९८८ साली सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी ती जुनीच घेतली. आमच्या शिरोळ तालुक्यात तेव्हा मास्तरच्या दारात चारचाकी म्हणजे नवल होतं. गावातल्या किती बाळंतिणी त्या गाडीतून मिरजेला गेल्या, त्याचा हिशेब आत्तींना तोंडपाठ आहे. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडी आठ दिवस पाण्यात राहिली. पाणी उतरल्यावर घर धुतलं, भांडी धुतली, गाडीवर ताडपत्री टाकली. २०२१ च्या पुरात ट्रॅक्टरला दोर बांधून तिला वरच्या रस्त्यावर ओढत नेली. त्याच वर्षी मामा गेले. वर्षश्राद्धाच्या आधी आत्ती म्हणाल्या, "ती गाडी एकदा चालू करा. मला त्यात बसून वाडीला दत्ताच्या पायाशी जायचंय." तेव्हा त्या ७६ वर्षांच्या होत्या. त्यामुळं "किती दिवस लागतील" हा प्रश्न आमच्या घरात नुसत्या पैशाचा नव्हता.

१७ जानेवारी २०२२ ला गाडी गॅरेजला गेली. मिस्त्रीनं सांगितलं, "तीन महिने, ८०,००० रुपये." माणूस वाईट नव्हता. त्यानं गाडी बाहेरून बघून सांगितलं होतं, आणि बाहेरून जेवढं दिसत होतं तेवढ्याला तीन महिने बरोबरच होते.

खोलायला सहा दिवस लागले. सीट काढली, खालचं जाजम उचललं, तर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. दाराच्या खाली पत्र्याची एक पोकळ पट्टी असते, गाडीचा उंबराच म्हणा. तिच्यात पुराचा गाळ तसाच बसला होता. गाळ ओल धरून ठेवतो, म्हणून पत्रा आतून कुजत गेला आणि वरचा रंग मात्र शाबूत राहिला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आत जायचा.

हे समजून घ्या, कारण वेळ सगळ्यात जास्त इथं जातो. जीपला खाली वेगळी चासी असते आणि वर बॉडी बोल्टनं बसवलेली असते. जसं कॉलमवर उभं घर. भिंत पडली तरी घर उभं राहतं. फियाटला वेगळी चासी नाही. तळ, उंबरे, खांब, सगळा पत्रा मिळूनच गाडीचं वजन पेलतो. जुन्या दगडमातीच्या घरासारखं. भिंत काढायची तर आधी आढ्याला टेकू द्यावा लागतो. म्हणून एकदम सगळा गंज कापता येत नाही. टेकू लावायचा, एक बाजू कापायची, नवा पत्रा वाकवून बसवायचा, दार लावून बघायचं, फट सारखी येते का तपासायची, मग दुसरी बाजू. घाई केली तर दारं पुन्हा नीट लागत नाहीत. नुसत्या पत्र्याच्या कामाला आमचे ६१ दिवस गेले.

तुम्हाला कुणी जुनी गाडी दाखवली तर एक सोपी परीक्षा आहे. फ्रिजवर लावतो तसलं छोटं लोहचुंबक घ्या आणि दारांच्या खालच्या कडांना, चाकांच्या वरच्या कमानींना लावून बघा. चिकटलं नाही तर तिथं पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. लांबी म्हणजे पुट्टी. वरून रंग कितीही चमकत असू दे.

इंजिनाचं मला सगळ्यात जास्त भय होतं, पण ते तुलनेनं लवकर झालं. पुराचं पाणी आत गेल्यानं पिस्टन जाम झाले होते. अशा वेळी बॅटरी लावून किंवा गाडी ढकलून चालू करायला जायचं नाही, आतलं तुटतं. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑईल सोडायचं आणि मुरू द्यायचं. आमचं इंजिन दहा दिवस तसं मुरवलं, तेव्हा हललं. मग खोललं. सिलिंडरला गंजाचे खड्डे पडले होते, ते मशीनवर घासून मोठे केले आणि त्या मापाचे नवे पिस्टन घातले. लेथ आणि बोअरिंगची कामं कोल्हापूरला उद्यमनगरात होतात. एकूण १९ दिवस. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. जुन्या मिस्त्रीला ते डोळे झाकून बांधता येतं. अडचण एवढीच, की असे मिस्त्री आता साठीच्या पुढचे आहेत.

रंगाचं काम २४ दिवसांचं, पण ते दिवस सलग मिळत नाहीत. प्रायमर, वाळवण, लांबी, वाळवण, पाण्यातल्या पेपरनं घासणं, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणं, मग रंग. हवेत दमट असेल तर ओल रंगाखाली अडकते आणि काही महिन्यांनी फोड येतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर उघड्या शेडमध्ये रंग मारूच नये. आमची बॉडी पहिल्या वर्षी ऐन मे महिन्याच्या शेवटी तयार झाली. म्हणजे चार महिने तशीच. त्यात प्रायमर मारलेला पत्रा पावसाळ्यात पुन्हा गंजला, कारण साध्या प्रायमरमधून ओल आत जाते. ते घासायला दिवाळीनंतर पुन्हा नऊ दिवस गेले. ते मी वरच्या ६१ मध्येच धरलेत.

दिवाळीनंतर तरी काम पुढं सरकायला हवं होतं ना? पण दिवाळीनंतर आपल्याकडं काय सुरू होतं? ऊसतोड. कारखाने पेटले की ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात आणि कुठला ना कुठला ट्रॅक्टर रोज गॅरेजच्या दारात असतो. त्याचा मालक रोख पैसे देतो आणि डोक्यावर उभा राहतो. आपली शोभेची गाडी कोपऱ्यात ढकलली जाते. मी जाऊन भांडले सुद्धा. मिस्त्री म्हणाला, "ताई, ट्रॅक्टर उभा राहिला तर त्याचं पोट थांबतं. तुमची गाडी उभी राहिली तर काय थांबतं?" मला उत्तर सुचलं नाही. घरी आत्ती होत्या, हे त्याला काय सांगणार.

गटाची सवय म्हणून मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती. कुणी, कधी, काय केलं, किती दिलं. ८ एप्रिल २०२४ ला गाडी घरी आली. एकूण ८१२ दिवस, म्हणजे २६ महिने आणि वर तीन आठवडे. वहीत मोजले तर गाडीला प्रत्यक्ष हात लागला ते दिवस १५२. खोलणं ६, पत्रा ६१, रंग २४, इंजिन १९, ब्रेक आणि चाकांचं काम १२, वायरिंग ७, सीट आणि छताचं कापड ९, पुन्हा जोडणी १४. उरलेले ६६० दिवस गाडी वाट बघत उभी होती. पावसाची उघडीप, हंगामाचा शेवट, सुटे भाग, आमच्या उसाचं बिल. पैसे नसल्यानं काम थांबलं असे महिने सात आहेत. तो दोष गॅरेजचा नाही, आमचा.

त्यामुळं मिस्त्री तीन महिने म्हणतो तेव्हा तो हात लागणारे दिवस सांगत असतो, आणि तेही पत्रा उघडायच्या आधी. आपण मात्र ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजतो. आणि गटाचं व्याज कॅलेंडरवरच चालतं. ६०,००० वर शेकडा १ रुपयानं महिन्याला ६०० रुपये. तीन महिने धरून १,८०० रुपयांची तयारी केली आणि मुद्दल २६ महिने फिरलं नाही, तर नुसतं व्याज १५,६०० होतं. शिवाय तेवढे महिने दुसऱ्या बाईला शेळीसाठी किंवा दवाखान्यासाठी पैसे मिळत नाहीत, ते वेगळंच. आमचे ८०,००० चे शेवटी २,३५,००० झाले. बरं झालं, मी गटाचं कर्ज काढलं नव्हतं.

सुट्या भागांचं थोडं सांगते. पद्मिनी कारखान्यातून निघायची बंद झाली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. तरी भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळं. हजारो टॅक्सी याच गाडीच्या होत्या, म्हणून दुकानदार माल ठेवायचे. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. आमचं काम चालू असतानाच हे झालं. ब्रेकचे भाग, क्लच प्लेट लगेच मिळाली. पुढच्या काचेचं रबर आणि मागच्या दिव्याची काच यांना मात्र साडेतीन महिने लागले. त्यातली दिव्याची काच मूळची चांगली होती. खोलताना काढून ठेवली आणि गॅरेजमध्ये हरवली. म्हणून सांगते, खोलायच्या दिवशी स्वतः हजर राहा. प्रत्येक भागाचा मोबाईलवर फोटो काढा, स्क्रू-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून चिठ्ठी लावा, आणि काचा, दिवे, कंपनीच्या नावाच्या पट्ट्या असलं सगळं घरी आणून ठेवा. आपण डाळी-मसाल्यांना लेबल लावतोच की.

सीटचं काम आमच्याच एका गटातल्या ताईंनी केलं. त्या ब्लाउज, पिशव्या शिवतात. शहरातल्या सीटवाल्याची तारीख मिळेना म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी जुनं कव्हर उसवून त्याचेच तुकडे मापाला ठेवले. घरच्या मशीनवर रेक्झिनच्या चार घड्या जाईनात, सुया मोडायला लागल्या. मग जाड कामाचं मशीन भाड्यानं आणलं. नऊ दिवसांत सीट, दारांचे पुठ्ठे आणि छताचं कापड झालं, कडेच्या पायपिंगसकट. गॅरेजमधल्या माणसांनीच त्यांना पुढं टेंपो आणि ट्रॅक्टरच्या सीटची कामं दिली. सबंध प्रकरणात सांगितलेल्या दिवशी काम पूर्ण करणाऱ्या त्या एकट्या.

आता कागद. हे मी शेवटी केलं आणि पहिल्यांदा करायला हवं होतं. गाडी मामांच्या नावावर. मालक वारले तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. आम्हाला पत्ताच नव्हता. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, जुना विमा हे सगळं जमवून आत्तींच्या नावावर गाडी व्हायला पाच महिने गेले. एका नणंदेनं सही करायला दोन महिने लावले, ते असो. आज आरसी बुकावर आत्तींचं नाव आहे. त्यांच्या नावावर असलेली ती पहिली वस्तू. घर, रान, काहीच नव्हतं.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी पुढं वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० झाली. मिस्त्रीनं म्हटलेल्या तीन महिन्यांत गाडी झाली असती तरी चुकली नसती, अवघ्या सोळा दिवसांनी. फी त्यानंतरही बदलली आहे, तेव्हा आजची किती ते आधी विचारून घ्या. आणि "जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज" असं कुणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिचा नंबर वेगळा, व्हीए अक्षरांचा. आणि तिचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. साध्या पांढऱ्या पाटीची खाजगी गाडीही भाड्यानं द्यायला परवानगी नाही. लग्नाच्या भाड्याचं स्वप्न बघण्याआधी हे बघा.

गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, आम्ही वाडीला गेलो. फियाटला गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो, त्यामुळं पुढची सीट बाकड्यासारखी सलग. आत्ती पुढं बसल्या, मधे माझी लेक. दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले होते. २०२२ मध्ये त्या पायऱ्या उतरून पादुकांपर्यंत गेल्या असत्या. आता वरूनच हात जोडले. येताना म्हणाल्या, "हॉर्न तोच ठेवलाय व्हय?" हॉर्न तोच होता. तेवढाच भाग पुराला पुरून उरला होता.

तर त्या जीपवाल्या ताईंचं काय झालं ते सांगते. मी नको म्हटलं नाही. जीपचा हिशेब फियाटपेक्षा बरा आहे. १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत जीपा जोडायला घेतल्या आणि पुढं कितीतरी वर्षं जवळपास त्याच बांध्याच्या काढल्या, त्यामुळं भाग अजून मिळतात. चासी वेगळी आहे. पत्रे सपाट आहेत, गोलाई कमी, वाकवायला सोपे. त्यांची जीप पुरात गेलेली नाही. तीन महिने नाही, पण आठ-दहा महिन्यांत होण्यासारखी आहे. खरी भानगड दुसरीच निघाली. ती वडापची, पिवळ्या पाटीची. अशी गाडी बंद ठेवायची तर तसं आरटीओला आधी लेखी कळवावं लागतं, नाही तर गाडी परड्यात असली तरी टॅक्स चढत राहतो. सासऱ्यांनी कळवलं होतं का, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

गटानं ठराव असा केला. आत्ता फक्त ८,००० रुपये. त्यात आरटीओत थकबाकी किती ती लेखी काढून आणायची आणि जीप पूर्ण खोलून, चासी घासून, गटातल्या दोघींनी डोळ्यांनी बघायची. त्यानंतर मिस्त्रीनं कामाचे टप्पे लिहून द्यायचे. एक टप्पा पुरा झाला की त्याच्या पुढचे पैसे. पहिला टप्पा ब्रेक आणि चाकांचा, रंग सगळ्यात शेवटी. या ८,००० चा हप्ता पुढच्याच महिन्यापासून, जीप चालू होवो न होवो. तो ताईंच्या दुधाच्या पैशातून जाईल, हे त्यांनी स्वतः लिहून दिलं. पोराला राग आला, तो बाहेर जाऊन उभा राहिला. ताई मात्र थांबल्या, सही केली.

थकबाकीचा कागद परवा आला. आकडा मी रेडिओवर सांगत नाही, तो त्या घरचा आहे. येत्या मंगळवारी बैठक आहे आणि दोघीजणी त्याआधी जीप बघून येणार आहेत. मी त्यांच्याजवळ फ्रिजवरचं चुंबक दिलं आहे.